सहा जोड्यांचा जुना ल्यूट: बांधणीचा आणि पडद्यांचा पुरावा नेमका कुठे आहे?

तात_आणि_तबली

मंडळी,

साधारण १५२० ते १५५० या काळातला, सहा जोड्यांचा युरोपीय ल्यूट, म्हणजे फुगीर पाठीचं, दोन-दोन तारांच्या जोड्यांचं तंतुवाद्य, बांधायचा आहे. नुसता ल्यूटसारखा दिसणारा नको. त्या काळच्या पुराव्याशी ताडून पाहता येईल असा हवा. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६०० मिमी धरली आहे. घोळ नको म्हणून शब्द सतारीचेच वापरतो: तबली (वरची पातळ फळी), घोडी, खुंटी, मेरू (खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी), पडदा. तारा आतड्याच्या, म्हणजे तात.

अडलंय ते असं. पाठीच्या पट्ट्या किती घ्यायच्या? जालावरच्या फोटोंत कुठे ९ दिसतात, कुठे ११, तर कुठे पंचविसाच्या वर. त्या केवढ्या जाड? तबली किती जाड? पडदे तातीचे बांधलेले असत हे वाचलंय, पण ते किती, कोणत्या जाडीचे आणि मोजून कुठे बांधायचे? हल्लीच्या गिटारचा, बारा समान अर्धस्वरांचा कोष्टक-कॅल्क्युलेटर वापरला तर काय बिघडेल?

आणि एक जुनं कोडं: ल्यूट आला अरबी ऊदपासून. आजच्या ऊदला पडदे नाहीत, पण जुन्या अरबी ग्रंथांत पडद्यांची नावं आहेत असं म्हणतात. मग पडदे आधी होते आणि गेले, की कधी नव्हतेच?

---

सरसवाला

बांधणीपुरतं मी लिहितो, पडद्यांवर लिहिणारे येतीलच.

आधी एक गोष्ट पक्की करा. ज्याला आपण 'त्या काळचा शिल्लक ल्यूट' म्हणतो, त्यात त्या काळची बहुतेक वेळा फक्त पाठ असते. पंधराव्या शतकातलं हाताशी जवळजवळ काहीच नाही. सोळाव्याच्या पूर्वार्धातलं जे आहे ते प्रामुख्याने बोलोन्याचं: लाउक्स मालर आणि हान्स फ्राय, दोघेही जर्मन, इटलीत जाऊन स्थायिक झालेले. मालर १५५२ साली वारला तेव्हा त्याच्या कारखान्याची यादी झाली, तीत सुमारे ११०० ल्यूट होते. म्हणजे हा एकांड्या कलाकाराचा धंदा नव्हता. साचे ठरलेले, सुटे भाग आधीच करून ठेवलेले, असा चालता कारखाना होता.

त्या अकराशेंतून आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक, न्यूरेंबर्गच्या जर्मानिश राष्ट्रीय संग्रहालयात एक, असे विखुरलेले. आणि तेही मूळ रूपात नाहीत. सतराव्या शतकात फ्रेंच वादकांना बोलोन्याच्या जुन्या पाठी फार प्रिय झाल्या. त्यांनी पाठ ठेवली आणि मान, खुंट्यांची पेटी, घोडी बदलून सहाच्या जागी दहा-अकरा जोड्या चढवल्या. पुष्कळदा तबलीही नवी. इंग्रज वादक थॉमस मेस १६७६ साली लिहितो की मालरचे असे जुने, ठोकर खाल्लेले, चिरा गेलेले दोन ल्यूट त्याने पाहिले, आणि त्यांची किंमत प्रत्येकी शंभर पौंड धरली जात होती. एवढा भाव म्हटल्यावर खोट्या चिठ्ठ्याही आल्याच. आत 'लाउक्स मालर' छापलेलं दिसलं की लगेच मान डोलवू नये.

म्हणून व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयातला गेओर्ग गेर्लेचा ल्यूट महत्त्वाचा. इन्सब्रुक, साधारण १५८०, पाठ हस्तिदंताच्या ११ पट्ट्यांची. सहा जोड्यांच्या मूळ अवस्थेत, फारशी छेडछाड न होता टिकलेल्या अगदी मोजक्या वाद्यांपैकी हे एक. तुमच्या काळापेक्षा तीसेक वर्षं उशिराचं आहे, पण मान, पेटी, घोडी आणि तबली एकत्र बघायला मिळते ती इथे.

आता पट्ट्या. तुमच्या काळाला ९ किंवा ११ हेच बरोबर. लाकूड अॅश किंवा मेपल, आकार लांबट, थेंबाच्या आकाराच्या मोत्यासारखा. फोटोंतले पंचवीस आणि त्याहून जास्त पट्ट्यांचे ल्यूट पादुआ-व्हेनिसचे, सोळाव्या शतकाच्या शेवटचे, बहुतेक यू लाकडाचे. त्या लाकडाचा गाभा तांबूस आणि बाहेरचा भाग पांढुरका, दोन्ही एकाच पट्टीत घ्यायचे तर पट्टी अरुंदच निघते.

हिशेब करून बघा. पाठीचा आडवा छेद अर्धवर्तुळ धरा, रुंदी ३०० मिमी. अर्धा परीघ ४७१ मिमी. ९ पट्ट्या केल्या तर सगळ्यात रुंद जागी एक पट्टी ५२ मिमी, ११ केल्या तर ४३, २५ केल्या तर १९. नऊ पट्ट्यांच्या पाठीत प्रत्येक पट्टी आडवी सपाट असते, म्हणून बाहेरून कोन हाताला लागतात. दोन पट्ट्यांमधला कोन १८० भागिले ९, म्हणजे २० अंश. म्हणून प्रत्येक कड १० अंशांनी तिरकी रंधायची. ११ पट्ट्यांना ८ अंशांच्या जरा वर. इथेच नवशिके फसतात. कड सरळ ९० अंशांत ठेवतात आणि फट सरसाने भरतात. ती पाठ वाजते तेव्हा खडखडते, आणि पुढच्या पावसाळ्यात सांधा उघडतो.

जाडी दीड मिमीच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहून कमी. तापल्या लोखंडावर वाकवायची. आधी माथ्याचा ठोकळा फर्म्यावर (पाठीच्या आकाराच्या साच्यावर) बसवायचा, मग मधली पट्टी, मग एकदा डावी एकदा उजवी असं खाली यायचं. एकाच बाजूच्या चार पट्ट्या लागोपाठ लावल्या तर पाठ पिळवटते. फर्म्यावरून उतरवली की आतून प्रत्येक सांध्यावर कागदाची किंवा चर्मपत्राची फीत. जुन्या वाद्यांत या फिती रद्दी कागदाच्या, कधी लिहिलेल्या पानांच्या सापडतात. खालच्या टोकाला पट्ट्या एकत्र येतात तिथे बाहेरून एक वाकवलेली टोपीपट्टी आणि आतून तिला साथ देणारी दुसरी.

गिटारसारखी कडेला आतून जाड अस्तरपट्टी नसते. पट्ट्यांची दीड मिमीची उभी कड हीच तबली चिकटायची जागा. मान माथ्याच्या ठोकळ्याला नुसती टेकवून सरसाने चिकटवलेली आणि ठोकळ्याच्या आतून मानेत खिळा मारलेला. एक्स-रेत हे खिळे स्वच्छ दिसतात. खाचेचा सांधा करून 'सुधारणा' करायचा मोह होतो, पण त्याने पुढे मान काढणं अवघड होतं. त्या कारागिरांनी मान पुन्हा काढता येईल अशीच लावली, म्हणून तर त्यांच्या पाठी दोनशे वर्षं वापरात राहिल्या.

तबली स्प्रूसची, दोन फळ्यांची, सरासरी दीड मिमी, पण सगळीकडे सारखी नाही. जाळी, म्हणजे तबलीच्या मधलं नक्षीचं भोक, वेगळी करून बसवलेली नसते, त्याच तबलीतून कोरलेली असते. त्या जागी तबली आणखी पातळ करून मागे कागद लावून मग चाकूच्या टोकाने कापायची. आडपट्ट्या उभट: रुंदी ४-५ मिमी, उंची तिच्या तिप्पट. जाळीच्या मागूनही आडपट्टी जाते, ती टाळू नका. अकरा तारा (पहिल्या जोडीत एकच तार), तीन-तीन किलोची ओढ धरली तरी ३३ किलो होतात, आणि घोडीच्या पुढे ही तबली खचते ती पहिल्या वर्षातच.

सरस जनावराचाच वापरा. फेव्हिकॉल जातीचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि उघडता येत नाही. ल्यूटची तबली उघडायची वेळ येतेच. मेसने तर ती काढायची, आतल्या पट्ट्या पुन्हा बसवायची आणि परत लावायची रीत पायरीपायरीने दिली आहे.

---

नकाशेवाला

वरच्या प्रतिसादात एक भर. प्रत्यक्ष वाद्याच्या आधीचा, आकाराचा सगळ्यात जुना तपशीलवार पुरावा कागदावरचा आहे: आँरी आर्नो दे झ्वोल, बर्गंडीच्या दरबारातला वैद्य आणि ज्योतिषी, साधारण १४४०. हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात ल्यूटचा आराखडा कंपास आणि पट्टीने काढलेला आहे. इंच-फूट काही नाही, सगळं प्रमाणात: हा कंस त्या रुंदीचा, तो बिंदू अमुक भागावर. फर्माही काढला आहे. म्हणजे एक माप ठरवलं की बाकीचं वाद्य त्यातून आपोआप निघतं. देवळाच्या शिखराचा आराखडा जसा पायाच्या मापावरून काढत, त्यातली गत.

मोजमापासाठी दुसरं पुस्तक जर्मन संगीतकार प्रेटोरियसचं. त्याच्या चित्रपट्ट्या १६२० च्या, आणि पानावर ब्रुन्स्विकच्या फुटाची मोजपट्टी छापलेली. तुमच्या काळाच्या मानाने उशीर आहे, पण चित्रावरून मिमीत उतरता येतं अशी ती पहिली मोठी गोष्ट.

चित्रकारांवर मात्र आंधळा विश्वास नको. हॉलबाइनचं १५३३ चं दोन राजदूतांचं चित्र घ्या, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातल्या ल्यूटची एक तार तुटलेली दाखवली आहे आणि वाद्य भलतं तिरकं धरून चितारलं आहे. खुंट्यांची पेटी, जोड्या, घोडीवरच्या गाठी यांसाठी ते सोनं. पण पडद्यांमधली अंतरं मोजायला बसलात तर चित्रकाराची नजर मोजाल, ल्यूट नाही. ड्यूररने १५२५ साली दोरा आणि चौकट वापरून ल्यूट बिंदूबिंदूने कागदावर कसा उतरवायचा हे दाखवलं, आणि वस्तू म्हणून ल्यूटच निवडला. कारण उघड आहे, एवढी अवघड वक्रता दुसऱ्या कुठल्या घरगुती वस्तूत सापडायची?

---

पडदानशीन

आता पडदे. सरसवाला यांनी सांगितलंच आहे की मूळ माना गेल्या. त्यामुळे पडद्यांचा प्रत्यक्ष वस्तूतला पुरावा जवळजवळ शून्य. तातीचे पडदे झिजतात, बदलले जातात, टिकत नाहीत. पाठीचा पुरावा संग्रहालयात, पडद्यांचा पुरावा पुस्तकात, आणि दोन्ही एकाच वाद्यावर क्वचितच भेटतात. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

किती? मानेवर बांधलेले सात किंवा आठ. आठाच्या पुढचे, तबलीवर चिकटवलेले लाकडी पडदे नंतरचे. तुमच्या काळाला ते लावू नका.

जाडीबद्दलची सगळ्यात कामाची सूचना इंग्रज ल्यूटवादक जॉन डाउलंडची आहे, त्याच्या मुलाने १६१० साली लंडनला छापलेल्या संग्रहात. डोक्याकडचे पहिले दोन पडदे चौथ्या जोडीच्या तारेचे, तिसरा-चौथा तिसऱ्या जोडीचे, पाचवा-सहावा दुसऱ्या जोडीचे, उरलेले पहिल्या तारेचे. म्हणजे वेगळी तात आणायचीच नाही, तारांच्या उरलेल्या तुकड्यांतून पडदे. ६०० मिमीच्या जी सुराच्या (पहिली तार जी ला लावलेल्या) ल्यूटवर हे आकडे साधारण ०.९, ०.७५, ०.५५ आणि ०.४२ मिमी येतात. उतरती जाडी शोभेसाठी नाही. मान सरळ असते. सगळे पडदे सारखे जाड केले तर दाबलेली तार पुढच्याच पडद्याला घासते. पहिला ०.९ आणि आठवा ०.४२ असला की अर्ध्या मिमीचा उतार आपोआप मिळतो.

जागा. डाउलंड असं सांगतो: मेरू ते घोडी या लांबीचे तीन भाग करा, पहिला भाग संपतो तिथे सातवा पडदा. मेरू ते सातवा या अंतराचे अकरा भाग करा, दोन भागांवर पहिला पडदा. त्याच अंतराचे तीन भाग करा, एका भागावर दुसरा. पूर्ण लांबीच्या चौथ्या हिश्शावर पाचवा. तुमच्या ६०० वर हे असं बसतं, सगळं मेरूपासून: पहिला ३६.४ मिमी, दुसरा ६६.७, पाचवा १५०, सातवा २००.

याउलट व्हिन्चेन्सो गालिलेई (हो, दुर्बिणवाल्याचे वडील) १५८१ साली सांगतात: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्या, तिथे पडदा, पुन्हा जे उरलं त्याचा अठरावा, पुन्हा तेच. ६०० वर पहिले आठ असे: ३३.३, ६४.८, ९४.५, १२२.६, १४९.२, १७४.२, १९७.९, २२०.२.

आता तुमच्या कॅल्क्युलेटरचे आकडे शेजारी ठेवा: ३३.७, ६५.५, ९५.५, १२३.८, १५०.५, १७५.७, १९९.६, २२२.०. गालिलेईंचे पडदे दर वेळी जरा डोक्याकडे आहेत, आणि हा फरक वाढत जाऊन आठव्याला जवळजवळ दोन मिमी होतो. बारा वेळा केलं तर सप्तक सुमारे १२ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) कमी भरतं. गणितज्ञांनी याला चूक म्हटलं. पण तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. तात जाड असेल आणि पडद्यापासून उंच असेल तर आणखी चढतो. गिटारमध्ये ही भरपाई घोडीवरचं हाड मागे सरकवून करतात. ल्यूटच्या घोडीला हाड नाही, तार थेट घोडीला बांधतात, तिथे सरकवायला जागाच नाही. म्हणून भरपाई पडद्यांत. कॅल्क्युलेटर बिघडवतो ते इथे: त्याचे आकडे तंतोतंत बांधले तर वरचे सूर सगळे किंचित चढे लागतील.

बांधायची रीत. तात साधारण २०-२२ सेंमी घ्या. एका टोकाला मेणबत्ती दाखवली की आतडं फुगून मणी होतो, तो गाठीतून निसटत नाही. मानेला वेढा द्या, गाठ मंद्र बाजूच्या कडेला येऊ द्या, घट्ट ओढा, दुसरं टोकही जाळून मणी करा. बांधताना पडदा त्याच्या जागेपासून एक-दीड सेंमी मेरूकडे बांधा, मग घोडीकडे सरकवा. मान घोडीकडे रुंद होत जाते, त्यामुळे सरकवताना पडदा आपोआप घट्ट होतो. थेट जागेवर बांधलात तर पहिल्या आठवड्यात सैल होऊन मानेवर फिरत राहील. फार खालून, तीन-चार सेंमीवरून सरकवायला गेलात तर गाठीपाशी तात तुटते, नाहीतर मानेचा मऊ लाकडाचा काठ कापला जातो.

---

तात_आणि_तबली

पडदानशीन, डाउलंडचा पहिला पडदा ३६.४ आणि गालिलेईंचा ३३.३. तीन मिमी म्हणजे फार झालं. छपाईची चूक तर नाही?

---

पडदानशीन

चूक नाही. हाच तर गाभा आहे.

जी सुराच्या ल्यूटची तिसरी जोडी ए ला, चौथी एफ ला. पहिल्या पडद्यावर तिसरी देते बी फ्लॅट, चौथी देते एफ शार्प. त्या काळच्या कानाला अर्धस्वर दोन प्रकारचे, एक मोठा, एक लहान. ए ते बी फ्लॅट मोठा, एफ ते एफ शार्प लहान. पडदा मात्र दोघांखाली एकच. ऑर्गनच्या त्या वेळच्या जुळवणीत (पाव कॉमाची; कॉमा म्हणजे सुरांमधला अगदी बारीक फरक) मोठा अर्धस्वर ११७ सेंट, लहान ७६. ६०० मिमीवर पहिला पडतो ३९.२ मिमीला, दुसरा २५.८ ला. तेरा मिमीची तफावत, एका पडद्यात बसणं शक्य नाही. जरा मवाळ, कॉमाच्या सहाव्या भागाच्या जुळवणीत मोठा ३६.३ ला, लहान २९.९ ला. डाउलंडचा पहिला पडदा मोठ्या अर्धस्वराच्या बाजूने झुकलाय, बघा. म्हणजे त्याने बी फ्लॅट आणि ई फ्लॅट राखले, एफ शार्प जरा चढा सोसला. गालिलेईंनी भांडण मिटवून सगळे अर्धस्वर सारखे केले.

काही वादक पहिल्या पडद्याशेजारी एका-दोन तारांपुरता छोटा तुकडा चिकटवत, इटालियनमध्ये त्याला 'तास्तीनो' म्हणत. गालिलेईंनी या तुकड्यांना चांगलंच झोडपलंय. ज्या गोष्टीविरुद्ध कोणी एवढं लिहितो ती लोक करत असणार, हाही पुरावाच.

आणि पडदे हलतातच. स्पेनमध्ये लुइस मिलान १५३६ साली विहुएलावादकाला सांगतो की अमुक रचनेआधी चौथा पडदा थोडा खुंट्यांकडे सरकवा. विहुएला वेगळं, गिटारच्या आकाराचं वाद्य, पण जुळवणी तीच, पडदेही तातीचेच. आपल्याकडे सतारिया कोमल रिषभाचा राग आला की पडदा सरकवतो तेच हे. त्यामुळे 'ल्यूटचे पडदे कुठे असत?' याचं एकच उत्तर शोधू नका. पेन्सिलीने खूण करा, बांधा, जोड्यांवर सप्तक आणि पंचम तपासा, मग अर्धा-एक मिमी सरकवा. आधी तार तपासा मात्र. तात खोटी असेल, म्हणजे तिची जाडी एका टोकाला वेगळी असेल, तर कुठलाच पडदा जागेवर येणार नाही. सोळाव्या शतकातला फ्रेंच ल्यूटवादक ल रॉय याच्या शिकवणीत याची युक्ती आहे: तारेचा तुकडा दोन हातांत ताणून छेडा, दोन स्वच्छ रेषा दिसल्या तर चांगली, अनेक धूसर रेषा दिसल्या तर टाकून द्या.

---

उदबत्ती

ऊदच्या प्रश्नावर. आधी नाव: पडद्याला अरबी ग्रंथ 'दस्तान' म्हणतात, शब्द फारसी. 'दस्त' म्हणजे हात, आपल्या दस्तऐवजातला आणि दस्तकातला तोच. नववं शतक, अल-किंदी; दहावं, अल-फाराबी (मृत्यू ९५०). दोघेही पडद्यांच्या जागा बोटांच्या नावाने देतात. सब्बाबा म्हणजे तर्जनी, वुस्ता मधलं बोट, बिंसिर अनामिका, खिंसिर करंगळी.

फाराबीची रीत हाताने करून बघण्यासारखी आहे. ६०० मिमी धरा. नवव्या भागावर सब्बाबा: ६६.७. तिथून उरलेल्याच्या पुन्हा नवव्या भागावर बिंसिर: १२५.९. पूर्ण लांबीच्या चौथ्या हिश्शावर खिंसिर: १५०. आता मधलं बोट. सब्बाबा आणि बिंसिर यांच्या बरोबर मध्ये फारसी वुस्ता: ९६.३. ती आणि बिंसिर यांच्या मध्ये झलझलची वुस्ता: १११.१. झलझल हा आठव्या शतकातला बगदादचा ऊदवादक, मृत्यू ७९१. हा पडदा ३५४ सेंटचा, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या अधेमधे. पडदा एका वादकाच्या नावाने ओळखला जातो याचा अर्थ तो सिद्धांतातून नाही, वाजवण्यातून आला.

पण तात खरंच बांधलेली होती, की या जागा फक्त शिकवण्यासाठी आणि हिशेबासाठी? इथे पंडितांत मतभेद आहेत. माझ्या मते सुरुवातीला तरी बांधत असावेत. शब्द 'बांधण्या'चाच वापरतात, आणि दोन पडद्यांच्या मध्ये मोजून तिसरा बसवायचा ही भाषा प्रत्यक्ष वाद्यावर काम करणाऱ्याची वाटते. पुढे मधल्या बोटाच्याच जागा इतक्या वाढल्या की मान गच्च भरली असती. उघडी मान सोपी पडली असणार.

बांधणीबद्दल बसऱ्याच्या इख्वान-अस-सफा या तत्त्वज्ञ मंडळींचे आकडे सतत दिले जातात, तेही दहाव्या शतकातले: लांबी रुंदीच्या दीडपट, खोली रुंदीच्या निम्मी, मान लांबीच्या चौथ्या हिश्शाची. खोली रुंदीच्या निम्मी म्हणजे अर्धवर्तुळाची पाठ, हे सरसवाल्यांच्या हिशेबाशी जुळतं. मान आखूड, कारण हात खिंसिरच्या, म्हणजे मध्यमाच्या पुढे जायचाच नव्हता.

त्यांच्या तारांचे आकडे मात्र जपून घ्या. रेशमाचे धागे, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेपासून वर: बम ६४, मस्लस ४८, मस्ना ३६, झीर २७. प्रत्येक पायरी ४:३, दिसायला सुरेख. पण तारा चौथ्याच्या, म्हणजे षड्ज-मध्यमाच्या अंतराने जुळवायच्या आणि ताण सारखा ठेवायचा तर धागे ४:३ ने नव्हे, त्याच्या वर्गाने, १६:९ ने वाढायला हवेत. या आकड्यांनी गुंफलेली बम झीरच्या जेमतेम ४२ टक्के ताणावर लोंबेल. हे आकडे विश्वाच्या सुसंवादाचे आहेत, तार वळणाऱ्याचे नाहीत. कोणी त्यांवरून तारा वळू नये.

---

तात_आणि_तबली

सगळ्यांचे आभार. ११ पट्ट्या, अॅश, आठ पडदे नक्की केले. शेवटची शंका: पडदे एकेरी की दुहेरी वेढ्याचे? आणि तार पडद्यापासून किती उंच?

---

पडदानशीन

दोन्ही चालत. दुहेरी वेढा जास्त टिकतो, कारण दोन धाग्यांपैकी घोडीकडचा झिजतो आणि दुसरा गाठ धरून ठेवतो. पण सरकवायला दुहेरी त्रासदायक, आणि नवा असताना तार दोन्हींवर टेकून सूर धूसर लागतो. पहिल्यांदा बांधताय, जागा अजून शोधायच्या आहेत, तर एकेरीच घ्या.

उंचीबद्दल एक अस्सल समकालीन वाक्य आहे, आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही. इटालियन ल्यूटवादक कापिरोलाच्या हस्तलिखितात, साधारण १५१७, व्हेनिसच्या बाजूचं, आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात. त्याचा शिष्य विदाल लिहितो की पडदे असे बांधा की तार जवळजवळ टेकेल, म्हणजे वाद्य हार्पसारखं बोलेल. त्या वेळच्या हार्पला तारेला घासणाऱ्या आकड्या असत, आवाज गुंजत, झणझणत येई. म्हणजे हवी होती ती स्वच्छ गिटारची तार नाही, जवारी!

---

सरसवाला

पण त्यासाठी तबली आधी खचू द्यायला हवी. नवं वाद्य जोडलंत त्याच दिवशी जवारीपर्यंत उतरवलंत तर दोन महिन्यांत तार पडद्यांवर झोपेल. मान बसवताना मानेच्या जोडापाशी तीन-साडेतीन मिमी उंची ठेवा, पूर्ण ताणावर दोन-तीन महिने राहू द्या, मग पडदे जाड-पातळ करून जवळ आणा. तातीचे पडदे बदलायला अर्धा तास लागतो, मान पुन्हा बसवायला आठवडा.

---

उदबत्ती

आणि पावसाळ्यात तारा अर्धा सूर उतरवून ठेवा. मेस तर सांगतो की ल्यूट रोज वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाच्या घड्यांत ठेवावा, म्हणजे दमट हवा लागत नाही. फक्त त्यावर कोणी बसणार नाही एवढं बघा.